उलटी उमटलेली गल्ली

भवानीची शपथ, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. म्हणजे, दोन-चार अक्षरं माझी असतील. बाबूराव मास्तरांसोबत वरीसभर काढलं की किस्से साठतातच.

मी नळदुर्गच्या शाळेत नवा मास्तर, ते जुने ड्रॉईंग मास्तर. हैदराबाद मोडलं, आमी मुंबई राज्यात आलो अन् गावातला रस्ता रुंद करायचं निघालं. जे जे पडणार, ते मास्तर तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरायचे, सोनाराकडच्या तेजाबात बुडवायचे अन् शाई भरून कागदावर छापायचे.

छापायला मशीन कुठलं? उसाच्या रसाचा चरक! पहिला छाप गोड निघाला. सकाळी बघतो तर मुंग्यांनी वेशीची कमान खाल्लेली.

मास्तर म्हणाले, "सरकारपेक्षा ह्या फास्ट!"

*

पत्र्यावर उजवीकडं कोरलेलं कागदावर डावीकडं उमटतं. म्हणून मास्तर रस्त्याकडं पाठ करून आरशात बघून कोरायचे. बाजाराच्या दिवशी आरसा बघून एक पाटील न्हाव्याकडं बसावं तसे समोर येऊन बसले.

"मिशी जरा बारीक करा."

मास्तरांनी सुई ठेवली, कागदाची कात्री घेतली अन् करून दिली!

*

मग बोभाटा झाला, मास्तर कोरतात ते घर पडतं. बाया हात जोडायच्या, "मास्तर, चहा घ्या, पण चित्र शेजारच्यांचं काढा!"

*

एकटे हुसेनचाचा स्वतः आले. डाव्या ओळीत, निंबाखाली त्यांचं टेलरिंगचं दुकान, बापाच्या वेळचं. ती निंबाची ओळ पाडायचं ठरलेलं.

"मास्तर, गिरनाच है तो कागज पे तो रहने दो."

ती गल्ली कोरली त्या दिवशी मास्तरांनी आरसा आणलाच न्हाय.

रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसियर नवा, सोलापूरकडचा. नकाशा निजामाच्या काळचा, उर्दूतला. त्याला वाचता येईना. त्यानं मास्तरांनी छापलेलं गल्लीचं चित्र मागून नेलं, टेबलावर ठेवलं, निंब कुठं हाय ते बघितलं अन् हुकूम लिहिला: उजवी ओळ पाडा.

मजूर आले. उजव्या ओळीत एकच इमारत, ओव्हरसियरचं ऑफिस! साहेब आतून वरडतायत, मुकादम खिडकीतनं कागद दाखवतोय, "सही तुमचीच हाय की, साहेब!"

रस्ता तिकडूनच गेला. चाचांचं मशीन चालूच ऱ्हायलं.

मी मास्तरांना विचारलं, "आरसा इसरला, का मुद्दाम घरी ठेवला?"

"आधी चहा सांग."

सांगितला. त्यांनी बशीत ओतून सावकाश पिला, तोंड पुसलं अन् मग सांगितलं.

काय सांगितलं? व्वा! तुमीबी सांगा की एक चहा!