आष्टीचे नेव्हीवाले बापू

आमच्या आष्टीहून समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. तरी गावात 'नेव्हीवाले' म्हटलं की लोक पाहुण्याला सरळ आमच्या दारात आणून सोडतात. बापू, म्हणजे माझे वडील, एकाहत्तरच्या लढाईत जहाजावर होते. त्यांचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत, घरात रिकामे डबे साठतात तसे साठत गेले.

*

भरतीचा किस्सा बापू स्वतः सांगतात. घरी मेंढरं, शिक्षण मॅट्रिक. साहेबानं विचारलं, "पोहता येतं का?"

"न्हाई साहेब. आमच्याकडं पोहण्याएवढं पाणीच न्हाई."

"मग नेव्हीत कशाला आलास?"

"जहाज बुडणारं असंल तर आत्ताच सांगा. घरी जातो."

साहेब हसला आणि नाव लिहून घेतलं.

*

वर्षातून एकदा सुट्टी. माझा थोरला भाऊ तीन वर्षांचा होता. घरात आलेला हा पँटवाला माणूस त्याला काही पटेना. त्यानं मायला विचारलं, "हा कधी जाणार?"

मायनं बापूंना विचारलं. बापूंनी खिशातला सुट्टीचा कागद काढून बघितला आणि म्हणाले, "अकरा तारखेला."

एवढं पक्कं कळल्यावर भाऊ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला.

*

जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं. रिटायर झाल्यावर बापूंनी तोच कायदा घरात लावला. अंग भिजवा, नळ बंद, साबण लावा, नळ चालू, संपलं. माझी बायको नवीन होती. तिनं केदारखेड्याला वडिलांना कळवलं.

सासरे तावातावानं आले. मे महिना होता, त्यांच्या गावात आठ दिवस टँकर नव्हता. आमच्याकडं दोन ड्रम काठोकाठ भरलेले. भांडायला आलेला माणूस जाताना दोन कॅन भरून घेऊन गेला.

*

शाळेनं पंधरा ऑगस्टला बापूंना लढाईवर बोलायला बोलावलं. अर्धा तास राखून ठेवला होता. बापू उभे राहिले. "मी इंजिनरूममधी व्हतो. लढाई दिसली न्हाई. गरम लई व्हतं." आणि बसले.

पोरांना जिलेबी लवकर मिळाली. तेव्हापासून दरवर्षी पोरं बापूंनाच बोलवा म्हणतात.

*

यंदा माझ्या लेकीची, प्रीतीची, नेव्हीत निवड झाली. निघायच्या आदल्या दिवशी माय अडून बसली. "एकानं केलं ते बास." आजीचा होकार नसेल तर जाणार नाही, असं प्रीतीही म्हणून बसली.

शेवटी मायनं बापूंना समोर बसवलं. "सांगा तिला. काय झाल्तं ते बराबर सांगा."

बापूंनी चष्मा काढला. "तोफा सुरू झाल्या की आमच्या डोक्यावरचं, इंजिनरूमचं झाकण वरून बंद करायचे. खाली पाणी शिरलं तर उघडायचं न्हाई, असा हुकूम. न्हाईतर अख्खं जहाज जायचं. चार तास बसलो तसे."

पन्नास वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

प्रीतीनं विचारलं, "आबा, झाकण कोण लावायचं?"

"माझा दोस्त. केरळचा."

"आणि उघडलं कुणी?"

"त्यानंच. घाईत बोटं सोलून घेतली गड्यानं."

माय उठली, प्रीतीची बॅग जवळ ओढली आणि तिच्यात धपाटे ठेवत म्हणाली, "जा. पण झाकण लावणाऱ्या माणसाशी कधी भांडू नको."