राजेश्रीनं वर्गात काय सांगितलं

“तुमी बसा तरी, काका. पाणी घ्या.”

“पाणी पिऊन आलोय सर. पोरीचा दाखला तेवढा द्या.”

“दाखला हापिसात भेटतो. पण राजेश्रीनं केलं काय?”

“ती काय करती? करायलाव तुमी. पोरींला भर वर्गात घरचं बोलायला लावायलाव.”

राजेश्रीचे वडील, झरी गावचे व्यंकटराव, स्टाफरूमच्या दारातून आत यायला तयार न्हाईत. समोर सिद्धोधन सर. मानवतच्या एका कॉलेजात तासिकेवर समाजशास्त्र शिकवतात, देवगाव फाट्याहून एसटीनं येतात. सोता शिकताना मागच्या बाकावर तोंड शिवून बसले होते, म्हणून मास्तर झाल्यावर त्यांनी एक रीत पाडली. चार बोलकी टाळकीच बोलतात, ते बंद. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, आपलं म्हणणं शेजारच्याला हळूच सांगायचं, अन् शेजारच्यानं उठून वर्गाला ते सांगायचं. बुजऱ्याला उभं ऱ्हायची गरजच न्हाई. पोरं लय खूश होती.

काल विषय होता विवाहसंस्था. राजेश्री एरवी हजेरीलाच तेवढं तोंड उघडायची. तिनं शेजारच्या सुकेशनीच्या कानात काहीतरी सांगितलं. सुकेशनी उठली अन् रीतीप्रमाणं एक शब्द न गाळता बोलली, “राजेश्री म्हणती, माझी सोयरीक जमवायलेत. मला इतक्यात लग्न न्हाई करायचं. पण घरात मला कुणी इचारलंच न्हाई.”

सर खूश. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘संमती’ लिहिलं. मागं तिच्या भावकीतला योगीराज बसलाय, हे काही त्यांच्या ध्यानात आलं न्हाई. दिवस मावळायच्या आत बोलणं झरीला गेलं, अन् तिथून सोयऱ्यांच्या दारात.

“सोयरे म्हणायलेत, पोरगी राजी न्हाई तर आमाला बोलावलं कशाला. आता मी कोणत्या तोंडानं जाऊ तिकडं?”

“चूक माझी हाय, काका. ते जोड्यांचं मी बंद करतो. तिला शिकू द्या.”

“बंद करा न्हाईतर ठेवा चालू. ती न्हाई यायची.”

“अठरा पुरी हायेत तिला. तिला तरी इचारा.”

व्यंकटरावांनी खिशातून दाखल्याचा अर्ज काढला. खाली राजेश्रीची सही, अक्षरही तिचंच. सरांनी तो उगीच दोनदा वाचला अन् परत दिला. व्यंकटराव हापिसाकडं निघाले.

घंटा झाली. सर वर्गात गेले. सुकेशनी एकटीच बाकावर, मान खाली. पुढची बबिता म्हणली, “सर, जोड्या लावायच्या का?”

कुणी कुणाकडं बघंना.

“न्हाई. वह्या काढा,” सर म्हणाले. “मी सांगतो ते लिहून घ्या.”

अन् फळ्याकडं तोंड करून तारीख टाकायला लागले.