अर्धा रस्ता

“गाडी खाली घे.”

मोटारीतून हात बाहेर आला, त्यानं रस्त्याकडेचं शेत दाखवलं आणि एवढंच बोलणं आलं. हात मालकांचा होता. आमच्या शिवारातला पाटाच्या पाण्यावरचा ऊस बहुतेक त्यांचा, म्हणून सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. आम्हीही म्हणायचो. आम्हाला तर ते रस्त्याचेही मालक होते.

गाडीत माझी थोरली बहीण होती. पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आलेली. रात्रभर कळा देऊन ती अडली होती. दिवस उगवायला सुईणीनं हात टेकले. म्हणाली, राहुरीच्या दवाखान्यात न्या, माझ्या हातात आता काही राहिलं नाही. महारवाड्यात बैलगाडी एकच, ती आमची. बानं बैल जुंपले. आईनं बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं. मी मागून चालत निघालो. तेव्हा मला नुकतंच मिसरूड फुटलं होतं, आणि तिकडं इंग्रज सरकारची जर्मनाशी लढाई सुरू झाली होती.

गावापासून नगर-मनमाड सडकेपर्यंत कच्चा रस्ता. दोन्ही बाजूंना काळी रानं. नवरात्र तोंडावर आलेलं आणि पाऊस दोन दिवसांपूर्वीच थांबलेला. काळी जमीन अशा दिवसांत वरून वाळल्यासारखी दिसते. पाय ठेवला की कळतं. मधे एक जुनी बाभूळ आहे, तिच्याजवळ मोटार समोरून आली.

आमच्या गावचा रिवाज सांगतो. मालकांची मोटार दिसली की आमच्या माणसानं गाडीतून उतरायचं. पायातलं काढायचं. कासरा धरून बैल रस्त्याखाली न्यायचे आणि मोटार जाईपर्यंत वाकून जोहार घालत उभं राहायचं. हे फक्त आम्हाला. मराठ्यांची गाडी समोर आली तर मालकांचा ड्रायव्हर भोंगा एकदाच, हळू वाजवायचा. ते लोक एक चाक खाली घ्यायचे, ड्रायव्हर मोटार कडेला घ्यायचा, रामराम इकडून, रामराम तिकडून. मामलेदाराची मोटार आली तर भोंगा वाजायचाच नाही. मालकांची मोटारच बाभळीखाली जाऊन गरिबासारखी उभी राहायची. आणि आमची गाडी दिसली की भोंगा सुरू व्हायचा तो गाडी पुरती रानात जाईपर्यंत थांबायचा नाही. लांबून ओळखायचा कसं? आमच्या बैलांच्या गळ्यात घुंगरमाळ बांधायला बंदी होती. गाडी मुकी आली की ती आमची. गावात भोंग्यालासुद्धा जात कळत होती.

बा उतरला. चपला काढल्या. वाकून म्हणाला, “जोहार मायबाप. लेक हाय गाडीत. अडलीया.”

मालकांनी मान बाहेर काढून बघितलं. बहीण कण्हत होती, ते त्यांना ऐकू गेलं असणारच. खोटं कशाला सांगू, त्यांचा चेहरा जरा उतरला.

“मग लवकर न्या की,” ते म्हणाले. “हितं येळ कशाला घालवताय? घ्या गाडी खाली.”

मोटारीची मागची बैठक सगळी रिकामी होती. काळं, चकचकीत कातडं. ते कातडं मला अजून दिसतं.

बानं बैल वळवले. पहिलं चाक रस्त्यावरून उतरलं तेच आखापर्यंत रुतलं. गाडी एका अंगाला कलली, आतून बहीण ओरडली. मोटार आमच्या शेजारून निघून गेली. ड्रायव्हरनं बघितलंही नाही. बा वाकलेलाच होता. मोटार वळणाआड गेल्यावर त्यानं मान वर केली, मग चाकाकडं बघितलं.

चाकाखाली बाभळीच्या फांद्या घातल्या. अंगावरची कापडं काढून घातली. मी खांदा लावला. बैलांना मारलं, फार मारलं. बहिणीला उतरवता येत नव्हतं, इतकी ती कळवळत होती. सूर्य डोक्यावर आला तेव्हा चाक निघालं. सडक दिसायला लागली आणि बहिणीचं कण्हणं थांबलं. आई म्हणाली, “निजली वाटतं.” बा बैल हाकत राहिला. मीही चालत राहिलो. मला बरं वाटलं, निजली ते बरं झालं.

थोड्या वेळानं आई म्हणाली, “गाडी माघारी वळवा.”

बस, एवढंच. रडली नाही. वळताना गाडीनं सगळा रस्ता अडवला होता, पण त्या वेळी समोरून कुणी आलं नाही.

त्यानंतर आई त्या गाडीत कधी बसली नाही. बाजाराला चालत जायची, आजारी पडली तर दवाखान्यालाही चालत जायची. आणि बा? तिसऱ्या दिवशी मालकांच्या उसावर कामाला गेला. घरी येऊन म्हणाला, मालकांनी थांबून चौकशी केली, वाईट झालं म्हणाले. सांगताना त्याचा आवाज जरा वर आला होता. मालक थांबले, आपल्याशी बोलले, याचं त्याला काहीतरी वाटलं होतं. आई उठून बाहेर गेली.

मी तेव्हा कुणाला शिव्या देत होतो, ऐका. चिखलाला. बैलांना. सुईणीला, लवकर का सांगितलं नाही म्हणून. नशिबाला तर रोजच. मालकांना एकही शिवी माझ्या तोंडी आली नाही. तो विचार डोक्याच्या दाराशीसुद्धा आला नाही. मोटार आली की आपण खाली जायचं, हे पावसानं वरून पडावं तसं होतं. त्याला कोण शिवी देतो?

गाव मात्र नकोसं झालं. लष्कराला लढाईसाठी माणसं हवी होती. नगरला भरती होती, मी गेलो. त्यांनी मला लॉरी चालवायला शिकवलं. शिकवणारा उस्ताद पंजाबकडचा, पांढऱ्या मिशांचा. पहिल्याच दिवशी त्यानं सडकेच्या मधोमध काठीनं रेघ ओढली आणि म्हणाला, “आधा तेरा, आधा सामनेवाले का.”

मी विचारलं, समोरून बडा साहेब आला तर?

“तो भी आधा.”

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. समोरून मोटार आली की आम्हा गावाकडच्या पोरांचं चाक आपोआप कडेला जायचं. उस्ताद हातावर छडी मारायचा. खाली का गेलास? जागा होती ना? बाकीचे लाजून हसायचे. मी हसत नव्हतो. पुढं एक गोष्ट त्यानं आणखी सांगितली. लाल क्रॉसची, आजाऱ्याची गाडी दिसली की अर्ध्याचा हिशेब सोडायचा. “पूरा रास्ता उसका.”

हे नुसतं बोलणं नव्हतं, ते मी डोळ्यांनी बघितलं. छावणीच्या सडकेवर पुढं झेंडा लावलेली मोठ्या साहेबाची मोटार चालली होती. मागं माझी लॉरी. समोरून लाल क्रॉसची गाडी आली. झेंड्याची मोटार कडेला गेली आणि गपकन उभी राहिली. साहेब आत तसाच बसून राहिला, ती गाडी पुढं जाईपर्यंत. आत कोण होतं? संध्याकाळी कळलं. स्वयंपाकघरात हंडे घासणारा आमच्याच जातीचा एक माणूस. पायावर उकळतं पाणी पडलं होतं त्याच्या.

मी लॉरी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. बहीण गेली तेव्हा रडलो नव्हतो एवढा. तिला चिखलानं मारलं नव्हतं. नशिबानं नव्हतं. रस्ता द्यायचा असतो, आणि कुणाला आधी द्यायचा असतो, हे जगात लोकांना माहीत होतं. मालकांनाही माहीत होतं. मामलेदाराला ते देतच होते की. फक्त तिला दिला नाही. त्या दिवशी मी पहिली शिवी घातली. नाव घेऊन घातली.

पुढं एकदा आमच्या लॉऱ्यांची रांग मनमाडकडं निघाली होती. कोल्हारच्या अलीकडं पुढची एक लॉरी तापली, म्हणून सगळ्या थांबल्या. बघतो तर कडेला मालकांची मोटार. आमची रांग बघून आपणहून बाभळीच्या काट्यात दोन चाकं घालून उभी. मालक खाली उतरून थेट माझ्या लॉरीपाशी आले. मी खाकीत, डोक्यावर टोपी, तोंडावर धूळ. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसं? माझ्या तोंडाकडं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

“सलाम साहेब,” ते म्हणाले. स्वतःचा पितळी तांब्या त्यांनी पुढं केला. म्हणाले, पाणी घ्या, लांबचा पल्ला दिसतो.

मी खाली उतरलो. तांब्या तोंडाला लावून प्यायलो. सगळा प्यायलो. मग म्हणालो, “पानी ग्वाड हाय, मालक. गावातल्या आडाचं हाय न्हवं? आमाला त्या आडावर चढू देत न्हाईत, म्हनून चव ठावी नव्हती.”

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कोण, कुठला, एवढंच त्यांनी विचारलं.

“महारवाड्यातला. जिला लवकर न्या म्हनला हुता, तिचा भाऊ.”

तांब्या घ्यायला पुढं आलेला हात मागं गेला. शिट्टी वाजली, लॉऱ्या निघाल्या. मी तांब्या त्यांच्या मोटारीच्या पुढच्या झाकणावर ठेवला. आरशात बघितलं तर ड्रायव्हर काठीनं तो खाली ढकलत होता.

मला वाटलं होतं, असा दिवस आला तर आनंद होईल. झाला नाही. सलाम मला नव्हता, लॉरीला होता. पाणीसुद्धा लॉरीनंच प्यायलं. आणि लॉरी सरकारची. लढाई संपली की मी ती परत देणार, आणि ज्या गाडीत माझी बहीण मेली त्याच गाडीवर जाऊन बसणार. तिथून मोटार दिसली की पुन्हा चपला काढणार? मोठ्या गाडीत बसून मान मिळवायला काय लागतं? या बैलगाडीत बसून रस्ता मिळतो का, ते बघायचं होतं.

लढाई संपली. लष्करातून नाव कमी झालं, गावी आलो. नगरच्या बाजारातून दोन घुंगरमाळा आणल्या होत्या. बैलांच्या गळ्यात बांधल्या. बानं त्या गुपचूप सोडल्या. मी पुन्हा बांधल्या. बा म्हणाला, लेकरा, जिवावर उठतील. आई दारातूनच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. वाजू द्या.”

कडबा आणायला निघालो होतो. कासरा माझ्या हातात, बा शेजारी. त्याच जुन्या बाभळीपाशी समोरून मोटार आली. भोंगा सुरुवातीला एकदाच वाजला, हळू. घुंगरांनी ड्रायव्हर फसला होता. मग त्यानं आम्हाला बघितलं आणि भोंगा सुरू झाला तो थांबेना.

बाचा हात चपलेकडं गेला. “उतर रं. मालक हायेत.”

“बसा, बा.”

मी बैल डाव्या अंगाला घेतले. बरोबर अर्धा रस्ता सोडला. चाक कडेवर, पण रस्त्यावर. आणि गाडी उभी केली. मोटार समोर येऊन थांबली. भोंगा वाजतच होता. बैल बुजले, मी कासरा घट्ट धरला. मालकांनी मान बाहेर काढली. या वेळी त्यांनी मला ओळखलं.

“गाडी खाली घे.”

“अर्धा रस्ता मोकळा हाय, मालक,” मी म्हणालो. “तुमची मोटार निघंल. आमी उतरनार न्हाई.”

भोंगा थांबला. मग मालक ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले. मोटार हळू पुढं आली. आमच्या चाकाजवळून गेली, घासली नाही, कडेच्या गवतालाही लागली नाही. निघून गेली.

बा वळून त्या रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिला. आमचं चाक, मोटारीच्या चाकोऱ्या, मधली जागा, पुन्हा आमचं चाक. मग त्याचा चेहरा असा पिळवटला की मला बघवेना.

“मावली की रं,” बा म्हणाला. “दोनी गाड्या मावल्या.”

जागा होती. त्या दिवशीही होती. तोच रस्ता, तीच बाभूळ, तीच मोटार, तीच गाडी.

पुढं जे व्हायचं ते झालं. बाला उसावरून काढलं. आमचं बलुतं बंद झालं. एका सकाळी बैलांच्या माळा तोडून दारात टाकलेल्या सापडल्या. गाडीचं एक चाक फोडलं. बा म्हातारपणी दुसऱ्या गावी खडी फोडायला जायला लागला, पण चपला घालून जायला लागला. रस्त्यानं कुणीही येवो, त्या त्यानं परत काढल्या नाहीत.

मी चाक नवं केलं. माळा ओवून पुन्हा बांधल्या. तोडतील तेवढ्या वेळा बांधणार आहे. रोज त्याच रस्त्यानं जातो, डाव्या अंगानं, अर्ध्यात. समोर कुणाचीही मोटार येवो, अर्धा देतो. त्याहून वीतभर जास्त देत नाही.

आणि महारवाड्यातली कुणी पुन्हा अडली, तर गाडी मीच हाकणार. त्या दिवशी अर्ध्यावर भागणार नाही, सगळा रस्ता लागेल. मी उतरणार नाही, जोहार घालणार नाही, कोण आहे गाडीत ते सांगत बसणार नाही. बैल मधोमध घालीन. समोरच्यानं चिखलात जावं.