कुलूपवाल्या काकांची साक्षीदार

कुलूपवाल्या काकांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. अपवाद फक्त थोरल्या मुलीचा. ती वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसून किल्ल्या घासत होती. म्हणून त्यांनी मृत्युपत्र लिहिलं: दुकान तिला, बाकी सगळं दोन्ही मुलग्यांना. मुलं दुकानाकडे फिरकतही नसत. वकील नको, परका साक्षीदार नको, म्हणून साक्षीला सह्या घेतल्या थोरलीच्या आणि तिच्या आत्याच्या.

काका गेल्यावर वकिलानं सांगितलं, "आपल्या ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रात ज्याला मिळायचं, त्यानंच साक्ष दिली तर त्याचा वाटा रद्द होतो." दुकान भावांच्या घशात गेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे लेक रिकाम्या हातानं उठली.

नवं कुलूप बसवायला भावांनी तिलाच बोलावलं. तिनं ते बसवलं आणि दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

धाकट्यानं विचारलं, "ताई, तिसरी ठेवली नाहीस ना?"