पत्रिकाकाकूंची हिरवी टेकडी

पेनड्राईव्ह पदरानं पुसल्याशिवाय पत्रिकाकाकू तो कॉम्प्युटरला लावत नसत. गिऱ्हाइकानं नवरानवरीचे फोटो आणले की काकू आधी तो उजेडाकडं धरत, त्याच्या तोंडावर फुंकर मारत, दोन्ही अंगांनी पुसत आणि मगच मशीनमध्ये खुपसत. वर माझ्याकडं बघून म्हणत, "आता सांग, कुठून येतोय तुझा व्हायरस?" मी शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझं पोटच त्यावर चालतं. तेव्हा रोज हा सोहळा बघताना माझ्या जिवाचं काय होत असेल, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या बोळात लग्नपत्रिका म्हटलं की काकू. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची गरज कधी कुणाला पडली नाही. माहेर खुलताबादचं, त्यामुळं बोलणं रोखठोक आणि आवाज थेट रस्त्यापर्यंत. लग्नघरची मंडळी खुर्चीत टेकली रे टेकली की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "रुसणारं कोण हाय तुमच्यात? त्याचं नाव आधी सांगा." मंडळी एकमेकांकडं बघत, थोडं हसत आणि मग कुणीतरी हळूच एखाद्या आत्याच्या यजमानांचं नाव घेई. काकू ते सगळ्यांत आधी टाइप करत. "नवरदेवाचं नाव चुकलं तरी लगीन लागतं," त्या म्हणत, "पण ह्या माणसाचं चुकलं तर मांडवात जेवण कडू होतं." आमच्या भागातल्या किती घरांतली भांडणं या बाईनं नुसत्या टायपिंगवर मिटवली असतील, देव जाणे.

आता त्या मशीनबद्दल. ते काकांनी घेतलेलं होतं. काका म्हणजे काकूंचे यजमान. अबोल माणूस, हातात कला. त्यांनी मराठी अक्षरांचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि त्याच्यासोबत एक कुलूप आलं होतं. कुलूप म्हणजे अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. तो मशीनच्या पाठीत खोचलेला असला तरच अक्षरं उमटत. तसली खाच आताच्या कॉम्प्युटरला नसते, आणि ते सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालत नाही. म्हणून काकूंच्या मशीनवर तीच जुनी सिस्टीम होती. चालू केली की पडद्यावर निळं आभाळ आणि खाली हिरवीगार टेकडी. एकेकाळी घरोघरी ती टेकडी होती. जगानं ती कधीच सोडली, बनवणाऱ्या कंपनीनंही तिच्याकडं बघायचं बंद केलं. काकू मात्र त्या टेकडीवर ठाण मांडून बसल्या होत्या.

आणि त्या टेकडीच्या पोटात काकांचा गणपती होता. काकांनी माऊस हातात धरून काढलेला. सोंडेपासून सुरू झालेली रेघ कान, पोट, मोदक असं सगळं फिरून पुन्हा सोंडेला येऊन मिळते, मध्ये कुठं तुटत नाही. लोक जालन्याहून, अजिंठ्याकडच्या गावांतून यायचे आणि सांगायचे, "तो एका रेघेचा गणपती पायजे." काका गेले, मग फॅशन बदलली. लोकांना चकचकीत तयार कार्डं आणि नवरानवरीचे डोंगरावर उड्या मारतानाचे फोटो आवडायला लागले. पत्रिकेवर तो गणपती मोठा छापून मागणारं कुणी उरलं नाही. पण काकू रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ती फाईल उघडत. घटकाभर बघत, बंद करत आणि मग कामाला लागत. मला ते दिसायचं. मी त्यावर कधी काही बोललो नाही.

बाकी सगळ्यावर बोलायचो. "काकू, ही सिस्टीम म्हणजे मालक गाव सोडून गेलेलं घर आहे. कडी मोडली तर बसवून द्यायला कुणी येणार नाही, आणि कडी मोडलीय हे सगळ्या चोरांना माहीत झालंय. नवीन अँटीव्हायरससुद्धा हिच्यावर चढत नाही."

"माझ्या मशीनला नेटच नाय. चोर येणार कसा? जालना रोडनं रिक्षात बसून?"

"पेनड्राईव्हमधून! तुमचा पेनड्राईव्ह छपाईला चिकलठाण्याला जातो, फोटोवाल्याकडं जातो, गिऱ्हाइकांचे येतात ते वेगळेच. आणि ही जुनी सिस्टीम तर पेनड्राईव्ह लावला की आतलं काहीही न विचारता चालू करते."

"म्हणून तर पुसून घेते," काकू शांतपणे म्हणत. मी चहा सांगायचो.

दसऱ्याला तर कहर. मशीनची पूजा. हळद, कुंकू, आपट्याची पानं, झेंडूचा एवढा मोठा हार, आणि तो नेमका हवा खेळायच्या जाळीवर. दुपारपर्यंत मशीन तापून बंद पडायचं. मला हाक यायची, "अरे बघ की, देवाला आज काय झालं?" मी हार काढून बाजूला ठेवायचो. मशीन चालू व्हायचं. काकू मशीनला नमस्कार करत, मला नाही.

एक गोष्ट मी फार तळमळून सांगत होतो. काकांचा गणपती तरी साध्या चित्राच्या फाईलमध्ये बाहेर काढून ठेवू, दोन मिनिटांचं काम आहे. इथं काकू एकदम कडक व्हायच्या. "बाहेर काढला की चोरला. ह्या गल्लीतल्या प्रेसवाल्यांना मी ओळखते. नाय बाबा. एकच हाय, इथंच राहू दे." म्हणजे चोरी होऊ नये म्हणून एकच प्रत, आणि तीही जिथं चोर सगळ्यात सहज शिरतो तिथं. मी डोक्याला हात लावायचो. मनातून मला त्यांची भीती कळत होती, पण कळून करता काय?

आपल्याकडं पत्रिका छापून आल्या की पहिल्या पत्रिकेवर हळदकुंकू लावायचं असतं, आणि ते बहुतेक गणपतीलाच लागतं. कुणी दुकानातच मुहूर्त करायचं म्हटलं की काकू गठ्ठा पुढं सरकवून मागं होत आणि बांगड्यांच्या दुकानातल्या वहिनींना हाक मारत, "ये गं, कुंकू लावायला." काका गेल्यापासून त्यांनी कुठल्या पत्रिकेला बोट लावलं नाही. कुणी लावा असंही म्हटलं नाही. अख्ख्या गावाच्या पत्रिका या बाईनं बसवायच्या आणि कुंकवाला शेजारीण! मला याचा संताप यायचा. एकदा बोललो तर म्हणाल्या, "तू तुझे स्क्रू बघ."

माझीसुद्धा एक पत्रिका त्यांनी केली होती. तेव्हा काका होते. मोठ्या गणपतीची, मोरपिशी कागदावर. पत्रिका छापून घरी आल्या आणि वाटायला निघायच्या आदल्या दिवशी ते लग्न मोडलं. का मोडलं ते जाऊ द्या. गठ्ठा तसाच राहिला. त्यानंतर काकूंनी मला लग्नावरून एकदाही चिडवलं नाही. एरवी माझ्या पोटापासून माझ्या स्कूटरपर्यंत त्यांनी काही सोडलं नव्हतं.

ऐन लग्नसराईत व्हायचं ते झालं. कुणाच्या तरी पेनड्राईव्हमधून फोटो आले, काकूंनी पुसून लावला, आणि दुपारी मला हाक आली. आवाज नेहमीचा नव्हता. जाऊन बघतो तर टेकडी गायब, काळा पडदा आणि लाल इंग्रजी अक्षरं. सगळ्या फाईली कुणीतरी कुलूपबंद केल्या होत्या. सोडवायच्या तर पैसे टाका, असा निरोप.

"कोण हाय हा?" काकू म्हणाल्या. "ह्याचा नंबर दे मला. मी बोलते त्याच्याशी. म्हणावं, रविवारी लगीन हाय लोकांचं, असं करतात व्हय?"

"काकू, हा कुठं बसलाय ते कुणालाच माहीत नाही."

"मग पैसे देऊन टाकू."

"देऊन तो सोडेलच असं नाही. उलट पुन्हा मागेल."

त्यांनी मग सरळ विचारलं, "ह्यांचा गणपती?"

मी तीन दिवस त्या मशीनशी झटलो. ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, सायबर पोलिसांकडंही जाऊन आलो. एकही फाईल उघडली नाही. ते मी जाऊन काकूंना सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, मशीनवर कापड घातलं आणि म्हणाल्या, "तू सांगत होतास." मला वाटलं, यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बातमी पसरली, आणि काकांचा गणपती परत मिळावा म्हणून लोक जुन्या पत्रिका घेऊन यायला लागले. कुणाच्या कपाटातली, कुणाच्या पेटीत साडीच्या घडीतली. नुसत्या पत्रिका नाहीत, सोबत तक्रारीही. "काकू, आता नव्यानं टाइप करताच आहात तर आमच्या साडूंचं नाव जरा वर घ्या." लग्न होऊन पोरं कॉलेजात गेलेली, तरी साडू अजून रुसलेले! काकूंना एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

पण गणपती काही मिळेना. घरोघरी जपलेली असते ती पहिलीच पत्रिका, त्यामुळं ज्या पत्रिकेवर तो मोठा होता त्या प्रत्येकीवर कुंकू. कुणाची सोंड गेलेली, कुणाचा कान, कुणाकडं अख्खा गणपतीच लाल. रेघ कुठून कुठं गेली कळायला मार्ग नाही. दुकानातले नमुने "घरी दाखवून आणतो" म्हणून लोकांनी नेले होते, ते परत आणायची रीत आपल्याकडं नाहीच. भिंग घेऊन काकू एकेक पत्रिका बघत आणि बाजूला ठेवत.

कुंकू न लागलेली पत्रिका कुणाकडं असणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. काकूंनाही कळलं होतं, माझी खात्री आहे. गावभर निरोप धाडले बाईनं, पण माझ्याकडं एकदाही मागितली नाही. शेवटी मीच माळ्यावर चढलो. मेलेल्या मॉनिटरांच्या मागं तो गठ्ठा होता, दोराही न सोडलेला. वरची एक काढली आणि काकूंच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी आधी पत्रिका बघितली नाही, माझ्याकडं बघितलं. "तुला चालंल का रे?"

"जाळायच्या होत्या. कंटाळा केला."

काकूंनी कात्री घेतली, वरचा गणपतीचा भाग कापला आणि खालचा नावांचा भाग न बघता माझ्या हातात परत दिला. "खालचं मी वाचलंच नाय," म्हणाल्या. मला त्या क्षणी ही बाई फार आवडली. तोंडावर सांगायला हवं होतं, पण आम्हा दोघांनाही तसली सवय नव्हती.

नवीन मशीन आलं, नवीन सिस्टीम, कुलपाशिवाय कुठंही चालणारी युनिकोड अक्षरं. स्कॅन केलेला गणपती मोठा करून पडद्यावर ठेवला आणि त्यावरून रेघ फिरवायला मी बसलो, तर काकूंनी मला खुर्चीवरून उठवलं. जन्मात कधी चित्र न काढलेली बाई माऊस धरून बसली. रेघ थरथरायची, पुसायच्या, पुन्हा काढायच्या. पावसाळा निम्मा त्यातच गेला. एक दिवस म्हणाल्या, "इथं सोंडेच्या वळणाला हे थांबले होते बघ. इथं रेघ जाड झालीय." मी बघितलं. खरंच होती.

गणपती पुरा झाला तशा काकू बदलल्या, आणि गल्लीचं जगणं कठीण झालं. अपडेटचा निरोप दिसला की हातातलं काम ठेवून आधी ते. पेनड्राईव्ह आला की माझ्याकडं तपासून घ्यायचा, तोवर गिऱ्हाईक उभं. बांगड्यावाल्या वहिनींचा मोबाईल हातात घेऊन, "हे 'नंतर' 'नंतर' काय करतीस गं? मी पण तेच केलं," असं दरडावत. गणपतीची एक प्रत माझ्याकडं, एक नाशिकच्या लेकीकडं, आणि तिसरी कुणाकडं? समोरच्या प्रेसवाल्याकडं! ज्याला चोर म्हणत होत्या त्यालाच नेऊन दिली. वर सांगितलं, "वापर, पण सांभाळ."

पुढं गुडघे बोलायला लागले आणि लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना टेकडीवालं मशीन माझ्या गाळ्यात ठेवून गेल्या. मी ते चालू करत नाही. दसऱ्याला हार मात्र घालतो, जाळी सोडून.

यंदा माझं लग्न ठरलं. चाळिशी ओलांडल्यावर. पत्रिका मीच बसवली, वर मोठा गणपती, आणि छापून आल्याबरोबर पहिली घेऊन नाशिकला गेलो. काकूंनी चष्मा लावला, नावं वरून खाली वाचली. "रुसणारं कोण राहिलं नाय ना?"

"नाही. तुमचं नाव पहिलंच आहे."

"मी कधी रुसले रे?"

मी खिशातून कुंकवाचा करंडा काढून त्यांच्या पुढं ठेवला. काकू एकदम मागं सरल्या. "मी नाय. ताईला बोलाव आतून."

"गणपती काकांचा, रेघ तुमची. ताई कशाला?"

लेक दारात येऊन उभी होती. काकूंनी पदरानं डोळे पुसले, मग त्याच पदरानं बोट पुसलं, दोन्ही बाजूंनी, पेनड्राईव्ह पुसायच्या तसं. बोट कुंकवात बुडवलं, गणपतीच्या कपाळापर्यंत नेलं आणि तिथंच थांबवलं.

"बॅकप हाय ना?"

"तीन ठिकाणी, काकू."

"मग लावते," त्या म्हणाल्या, आणि काकांच्या गणपतीला त्यांनी कुंकू लावलं.