चार बोटांचे अंतर

गुरुवारी, आमच्या औद्योगिक पट्ट्याच्या सुट्टीच्या दिवशी, मी काळेवाडीतल्या जुन्या सायकलींच्या दुकानात गेले. पन्नाशीत दिघीची चढण सायकलने चढायची हौस होती आणि सात हजारांची मर्यादा. दुकानात रबर आणि ग्रीसचा उबदार वास कोंदला होता. तिथली गर्द निळी माउंटन बाइक पाहताच मर्यादा विसरून मी नऊ हजार मोजायला तयार झाले.

दुकानदार चाकणच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर होते. "ताई, आधी दांडी दोन्ही पायांमधे घेऊन उभ्या राहा," ते म्हणाले.

मी हळूच टाचा उचलून उभी राहिले.

"टाचा खाली!"

टाचा टेकताच आडवी दांडी अंगाला रुतली.

"सिग्नलला पाय कुठं ठेवणार? शेजारच्या रिक्षात?"

मी ओशाळून हसले. "सीट खाली घेतली तर?"

"सीट येईल हो खाली, दांडी कशी येणार? मधे चार बोटं तरी अंतर पाहिजे."

मग त्यांनी कोपऱ्यातली ओरखडलेली, राखाडी सायकल काढली. किंमत साडेसहा हजार. तिची दांडी पायांमधे घेऊन उभी राहिले, तर दोन्ही तळवे निवांत जमिनीवर टेकले आणि हँडल जणू आपणहून हातांत आले. गल्लीत फेरी मारली. पायडल थांबवताच मागचे चाक रातकिड्यासारखे किरकिरले. गालांना वारा लागला. परतले, तेव्हा घासाघीस करायचेही भान राहिले नव्हते.

"टेम्पो बोलवू?" त्यांनी विचारले.

"नको," मी ओढणी कमरेला बांधत म्हटले, "चालवतच नेते."