जलपर्णीचं फळ

अप्पांच्या डोळ्यांतला काचबिंदू कडेकडेने नजर खात आत सरकत होता. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा माझ्या वडिलांनी काय मागावं? "काशी नको, रामेश्वर नको. जलपर्णीचं फळ तेवढं एकदा बघायचंय." धारवाडच्या कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण हे फळ पुस्तकातल्या चित्रापलीकडे पाहिलं नव्हतं. मी कपाळावर हात मारला. याच जलपर्णीने आमचं तळं गिळलं म्हणून अर्जावर अर्ज खरडणारेही हेच.

गोकुळ रोडवरच्या कारखान्यातून रजा काढून मी त्यांना तळ्यावर नेलं. काठालगत जांभळे तुरे उभे होते. अप्पांनी एक फूल डोळ्याला चिकटवूनच पाहिलं. सहा पाकळ्या, वरच्या पाकळीवर निळ्या वेढ्यातला पिवळा ठिपका, सहा पुंकेसर, त्यांतले तीन लांब, तीन आखूड.

"एवढं नटतं बघ, पण आपल्याकडे फळ क्वचितच धरतं. पिलावळ वाढते ती आडव्या फुटव्यांनी."

मग मऊ कुंचल्याने त्यांनी एका तुऱ्याचे पराग दुसऱ्यावर टेकवले आणि त्याच्या देठाला लाल दोरा बांधला. फुलं मिटली की तुरा मान खाली घालतो आणि फळ पाण्यात बुडून पिकतं. दोरा नसला तर ते सापडणार कसं?

फळ धरायला दोन-तीन आठवडे लागतात. ते दिवस भरत आले, तोच तळं साफ करायला यंत्र आलं. इतक्या वर्षांच्या अर्जांना जाग आली, ती नेमकी आत्ता. मला भयंकर राग आला होता, कुणाचा तेही कळत नव्हतं. पदर खोचून यंत्राने उपसून काठावर टाकलेल्या कुजक्या ढिगात हात घातले. नाकातोंडात घाण गेली, पण लाल दोरा सापडला. मी तिथेच रडले. वाकलेल्या देठावर, सुकलेल्या पाकळ्यांच्या आत, लहानशी बोंडं धरली होती.

पण तोवर अप्पांची उरलीसुरली नजर गेली होती. मी बोंड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नखाने उकललं.

"आत तीन कप्पे असतील बघ."

"आहेत, अप्पा."

"आणि बी?"

"भरपूर. तुमच्या तळव्यावरच सांडलंय."

राजगिऱ्याएवढं लांबट बी, त्यावरच्या उभ्या रेघासुद्धा मला दिसत होत्या. अप्पांनी तळव्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मधुमेहाने बधिर झालेल्या त्या बोटाला काहीच लागेना. मग ते हसले. वाद मिटवायचा असला की ते कानडीत बोलत.

"होगली बिडु. जाऊ दे गं. मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस, कळतं मला."

मी गळ्याची शपथ घेतली. शेजारच्या अक्कांना बोलावते, त्या सांगतील, म्हटलं.

"त्याही तेच सांगतील," अप्पा म्हणाले आणि त्यांनी तळवा धोतराला पुसून टाकला.